बाप्पा, बीटल आणि बेंजो पार्टी: सणाच्या कॅसेटींची गोष्ट

या भागाचा विषय जाहीर केल्यावर दोघातिघांनी आधीच मेसेज टाकला होता, की गणपतीच्या फिल्मी चालींवर बोलण्यासारखं आहे तरी काय? पन्नास मिनिटं बोलले, आणि तरी बरंच राहिलं. नेहमीप्रमाणे हा त्या भागाचा लेखी मसुदा. 'म्हणजे', 'तर मग' वगैरे थोडं गाळलंय, आणि बोलताना सुटलेल्या काही गोष्टी घातल्यात. ऐकून झालं असेल तरी कायद्याचा भाग एकदा वाचा, तिथे मी फार भरभर बोलले होते.

सुरुवात जरा लांबून करू. १९५६ साल, अमेरिका. एल्विस प्रेस्ली नावाचा ट्रकचालक पोरगा वर्षभरात देशाचं वेड होऊन बसलाय. सप्टेंबरमध्ये तो एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात आला तेव्हा सहा कोटींच्या आसपास लोकांनी बघितला म्हणतात. आता डिसेंबर जवळ आला, नाताळच्या रेकॉर्डी निघायची वेळ झाली. मग काय, 'हॉली ट्विन्स' नावाच्या जुळ्या बहिणींनी 'आय वॉन्ट एल्विस फॉर ख्रिसमस' अशी रेकॉर्ड काढली. सांताक्लॉजकडे मागणं काय, तर एल्विस. त्यात एल्विसची नक्कल करणारा आवाज आहे तो एडी कॉक्रनचा, जो पुढे स्वतःच मोठा रॉक गायक झाला. त्याच मोसमात लिटल लॅम्ब्सी पेन या मुलीनं तसंच दुसरं गाणं काढलं. मागणं तेच, दुकान वेगळं.

सात वर्षांनी इंग्लंडमध्ये बीटल्स. १९६३ च्या नाताळात डोरा ब्रायन या नटीनं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज अ बीटल' गायलं आणि ते तिथल्या यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले आणि मग तर पूरच आला. 'सांता, ब्रिंग मी रिंगो' हे क्रिस्टीन हंटरचं गाणं त्यातलंच. गंमत म्हणजे त्याच वर्षी बॉनी जो मेसन या नावानं 'रिंगो, आय लव्ह यू' म्हणणारी मुलगी म्हणजे पुढची प्रसिद्ध गायिका शेर. आवाज इतका जाडा की रेडिओवाल्यांना तो पुरुषाचा वाटला आणि रेकॉर्ड वाजलीच नाही. आणि इंग्लंडात 'डॉक्टर हू' मालिकेतल्या डॅलेक नावाच्या यंत्रांचं पोरांना वेड लागलं, तर 'डॅलेकसोबत नाताळ घालवणार' असंही एक गाणं १९६४ मध्ये निघालं. चार माणसांवर नाही तर डब्यावर!

या रेकॉर्डी कुणी कलाकृती म्हणून केल्या नव्हत्या. हिशोब सरळ होता. सण दरवर्षी येतो आणि त्याला तारीख असते. वेड एकदाच येतं, पण तेव्हा सगळ्या गावाला नाव पाठ असतं. दोन्ही एकत्र बांधले की जाहिरातीचा खर्च वाचतो. गाणं दिवसभरात रेकॉर्ड करायचं, लहान कारखान्यात हजार-दोन हजार नग छापून घ्यायचे, चालली तर चालली. जानेवारीत ती रेकॉर्ड कुणी फुकट घेणार नाही हे सगळ्यांना माहीत.

आता हे वाचताना तुमच्या डोक्यात काय वाजायला लागलं? माझ्या डोक्यात तर थेट आमच्या कळमनुरीकडचा मांडव आला. खांबाला बांधलेला भोंगा, आणि त्यातून बाप्पाचं गाणं, चाल मात्र त्या वर्षीच्या हिट पिक्चरची. हा आपलाच प्रकार आहे. फक्त आपल्याकडे तो रेकॉर्डवर यायला फार उशीर झाला. का झाला, तोच या भागाचा मुद्दा.

कारण प्रथा जुनी आहे, सिनेमापेक्षाही जुनी. १८९३-९४ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि लगेच मेळे निघाले. पोरांचे गट, एकसारखा पोशाख, हातात लेझीम किंवा टिपऱ्या, आणि मंडपामंडपांत जाऊन गाणी. गाण्यांत देव कमी आणि देश जास्त असं व्हायला लागलं तेव्हा सरकारनं त्यांच्यावर बंधनं घातली. पण चाली कुठल्या? त्या काळाचा सिनेमा म्हणजे संगीत नाटक. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, 'सौभद्र' १८८२ चं. ती पदं लोकांच्या तोंडात होतीच. मेळ्यासाठी नवे शब्द लिहायचे, चाल नाटकाची घ्यायची. ऐकणारा पहिल्या ओळीपासून सोबत. आणि किर्लोस्करांच्या चाली तरी कुठल्या? लावणीच्या, कीर्तनाच्या, इकडच्या-तिकडच्या. तेव्हा 'चाल चोरली' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा मागे जाऊन बघावं.

वेड म्हणाल तर तेही होतं. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, १९११ मध्ये 'मानापमान' आलं, १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी. पुरुष नट, आणि त्यांच्या भामिनीचं, रुक्मिणीचं नेसणं बघून घरंदाज बायका तसं नेसायला लागल्या. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, ते 'संयुक्त मानापमान'. त्याची चर्चा अजून संपलेली नाही. एल्विसच्या पस्तीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे, एवढंच लक्षात ठेवा.

आणि सिनेमाचं उदाहरण द्यायचं तर भगवानदादा. १९५१ चा 'अलबेला'. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. वाजवणारे बरेचसे गोव्याचे ख्रिस्ती वादक, त्यात चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. हा ट्रम्पेटवाला मुंबईत लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून द्यायचा आणि 'अलबेला'त पडद्यावरही दिसतो. म्हणजे अमेरिकेतला आर्मस्ट्राँग, गोव्याचा वाझ, पुणतांब्याचे चितळकर, परळच्या कामगाराचा मुलगा भगवान, आणि ते सगळं शेवटी कुठे पोचलं? विसर्जनाच्या मिरवणुकीत. हात थोडे उचलून, खांदे हलवत, पाय फारसे न उचलता नाचायचं, ती भगवानदादांची चाल आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही मिरवणुकीत दिसेल. नाचणाऱ्याला नाव माहीत नसेल. दादांचे दिवस फिरल्यावर ते दादरच्या चाळीत राहायचे, आणि मिरवणुका चाळीसमोर थांबून 'अलबेला'ची गाणी वाजवायच्या आणि दादा खाली येऊन नाचायचे, असं सांगतात. ही गोष्ट मला फार आवडते.

तर प्रथा होती, वेड होतं, सण होता. मग १९५६ मध्ये 'बाप्पा, मला राज कपूर दे' अशी मराठी रेकॉर्ड का नाही निघाली?

कारखाना. उत्तर एवढंच आहे. अमेरिकेत रेकॉर्ड छापून देणारे छोटे कारखाने गावोगावी होते. पैसे द्या, नग घ्या. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे एचएमव्हीचा, मोठा कारखाना एकच, कोलकात्याजवळ डमडमला. १९२८ पासून. मुंबईत 'यंग इंडिया' नावाची देशी कंपनी तीसच्या दशकात सुरू झाली होती, तीही पन्नासच्या दशकात बंद पडली. १९६९ मध्ये पॉलिडोर आली तोपर्यंत एचएमव्हीला खरा स्पर्धक नव्हता. आता एकाच कारखान्यातून अख्ख्या देशाच्या सगळ्या भाषांच्या रेकॉर्डी निघणार असतील, तर हिंगोलीच्या बेंजो पार्टीला रांगेत नंबर कधी लागणार? जे आधीच मोठे झालेत त्यांचीच रेकॉर्ड निघायची. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारखे लोकगायक त्या दारातून आत गेले ते आवाजाच्या जोरावर. बाकीच्यांची गाणी मांडवात जन्मायची आणि विसर्जनाबरोबर जायची.

हे बदललं कॅसेटमुळे. फिलिप्सनं कॅसेट बाजारात आणली १९६३ मध्ये. डोरा ब्रायनच्या बीटलवाल्या गाण्याचंच वर्ष, हा निव्वळ योगायोग. आपल्याकडे तिचा खरा सुकाळ ऐंशीच्या दशकात झाला. कॅसेटला कारखाना लागत नाही, हे तिचं मोठेपण. एक चांगला डेक, एक मास्टर, दोन-चार कॉपी करणारी यंत्रं आणि छापखान्यातून काढलेलं रंगीत कव्हर. भांडवल म्हणाल तर किराणा दुकान टाकण्याएवढं. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरिज, उभी राहिली आणि तिनं किंमत पाडली. मुंबईत व्हीनस वगैरे आल्या. आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत बिननावाच्या कंपन्या.

मराठीत या काळाचं वेड कोणतं, हे सांगायची गरज नाही. 'नवीन पोपट हा'. प्रल्हाद शिंद्यांचे चिरंजीव आनंद शिंदे. सिनेमा नाही, टीव्ही नाही, नुसत्या कॅसेटीवर एक गाणं महाराष्ट्रभर गेलं. माझा जन्म नंतरचा, पण आमच्याकडे अजून 'पोपट झाला' म्हटलं की आजीसुद्धा हसते. माझ्याकडच्या खोक्यात सदतीस कॅसेटी आहेत, त्यातल्या चारांत कुठला ना कुठला पोपट आहे. एकीत तो गणपतीला पेरू नेऊन देतो.

खोक्याबद्दल सांगते. माझे एक मामा कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात बेंजो पार्टी चालवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. तो बुलबुल तरंग. लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडला की जो किरकिरा, धारदार आवाज निघतो तो पन्नास माणसांच्या गोंगाटातून सुद्धा आरपार जातो. सोबत कॅशिओ, ढोलकी, खुळखुळा, नंतर नंतर पॅड. पार्टीत आठ जण, त्यातले सहा जण वर्षभर दुसऱ्याच्या शेतात कामाला. गणपतीत सुपारी, भीमजयंतीला सुपारी, दसऱ्याला हिंगोलीच्या प्रदर्शनात जमलं तर एखादा कार्यक्रम. १९८९ ते २००१ या काळात त्यांनी आणि आजूबाजूच्या तीन पार्ट्यांनी मिळून काढलेल्या कॅसेटी त्या खोक्यात आहेत. काही छापील कव्हरच्या, बऱ्याच नुसत्या पेनानं नाव लिहिलेल्या.

गाणी लिहायचे मामा. कव्हरवर नाव पार्टीचं. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

ते कसं लिहायचे हे मी एकदा बसवून विचारलं. मामा सातवी शिकलेले, त्यांना मात्रा वगैरे शब्द माहीत नाहीत, पण बोटावर मोजतात. उदाहरण घ्या. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला, ५ ऑगस्टला. त्या वर्षी गणेश चतुर्थी ९ सप्टेंबरला होती. मध्ये पाच आठवडे. गावोगावी एकच गाणं वाजत होतं, 'दीदी तेरा देवर दीवाना'. आता मोजा: दीदी चार मात्रा, तेरा चार, देवर चार, दीवाना सहा. मामांनी घातलं, 'बाप्पा आला मोदक मागाया'. बाप्पा चार, आला चार, मोदक चार, मागाया सहा. तंतोतंत. त्यात हिंगोलीचा चिंतामणी म्हणजे मोदकाचा गणपती, नवसाचा मोदक न्यायला अनंत चतुर्दशीला तिथे केवढी गर्दी लोटते. म्हणजे ओळ चालीत बसली आणि गावातही बसली. मी त्यांना म्हटलं, मामा, तुम्ही हे कसं केलं? ते म्हणाले, "काय सांगू माय, आदी त्या गाण्यातलं सगळं काढून टाकायचं. नुसतं ढांग-ढांग ठेवायचं. मंग जो शबूद पडंल तो आपला."

आम्ही प्रोग्रामर याला इंटरफेस म्हणतो. आतलं बदला, बाहेरची जोडणी तीच ठेवा. असो.

एक गोष्ट मला ऐकताना जाणवली. त्याच चालीवर बाजूच्या वस्तीतल्या पार्टीचं बाबासाहेबांचं गाणं आहे, पुढच्या एप्रिलचं. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं होतं, आणि त्या कॅसेटीत नामांतरावर तीन गाणी आहेत. तिन्ही फिल्मी चालींची. ती ऐकताना चाल हलकीफुलकी आणि शब्द असे, की अंगावर काटा येतो. एल्विसवाल्या नाताळ रेकॉर्डींत आणि आपल्या कॅसेटींत मला इथे फरक दिसतो. तिकडे सण हा वेडाची विक्री वाढवायचं निमित्त होता. इकडे वेड हे भोंग्यापर्यंत पोचायचं तिकीट होतं. एकदा पोचलं की माणूस त्याला हवं ते बोलायचा. दुष्काळावर गाणं आहे, हुंड्यावर आहे, दारूवर तर अकरा आहेत, आणि त्यातली दोन दारू पिऊनच गायलेली वाटतात.

आता कायदा. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. चाल ही एक कृती, तिचा हक्क संगीतकाराच्या बाजूचा. शब्द ही दुसरी कृती. आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही तिसरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(जे) होतं. एखाद्या गाण्याची रेकॉर्ड एकदा परवानगीनं निघाली असेल, तर दुसरा कुणीही सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या गायकाकडून रेकॉर्ड करू शकत होता. मूळ मालक नाही म्हणू शकत नव्हता. टी-सीरिजचा मोठा धंदा या दारातून गेला. रफी-किशोर यांच्या गाण्यांच्या कव्हर कॅसेटी, सोनू निगम आणि कुमार सानू यांच्या आवाजातल्या, आठवत असतील.

'हम आपके हैं कौन'च्या वेळी हे दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. हक्क एचएमव्हीकडे होते, आणि टी-सीरिजनं त्याच नावाची कॅसेट काढली, गायक वेगळे. १९९५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की गिऱ्हाइकाला ही मूळ साउंडट्रॅक वाटेल असं नाव आणि वेष्टन वापरता येणार नाही, हे मूळ ध्वनिमुद्रण नाही आणि कलाकार वेगळे आहेत हे स्पष्ट लिहावं लागेल. दरम्यान १९९४ च्या दुरुस्तीनं दोन वर्षं थांबायची अट आली. २०१२ मध्ये ते कलम जाऊन ३१सी आलं आणि थांबायची मुदत पाच वर्षं झाली. म्हणजे आज 'वेड ताजं असताना कव्हर' हा प्रकार परवानगीशिवाय कायद्यात बसतच नाही. मोसमी गाण्याला पाच वर्षं थांब म्हणणं म्हणजे दिवाळीचा फराळ होळीला वाढण्यासारखं आहे.

पण नीट बघा, ही सवलत तेच गाणं पुन्हा गाण्यापुरती होती. चाल ठेवून शब्द बदलणं त्यात येत नाही. त्याला परवानगी हवीच. मामांच्या पार्टीनं ती कधी मागितली नाही, मागायची कुणाकडे हेही त्यांना माहीत नव्हतं, आणि ज्यांची चाल होती त्यांना कळमनुरी कुठे आहे हे माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या अज्ञानावर बारा वर्षं सुखात गेली.

आणि त्या चालीचे संगीतकार कोण? रामलक्ष्मण. म्हणजे नागपूरचे विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'पासून सुरुवात केलेले. मराठी माणसाची चाल हिंदीत गेली आणि मराठी मांडवात परत आली. ते मे २०२१ मध्ये गेले. चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे २०८१ सालच्या अखेरपर्यंत. मामांचं गाणं तोवर कायद्यानं उघडपणे वाजवायचं झालं तर परवानगीशिवाय जमणार नाही. मात्र त्यातले शब्द मामांचेच आहेत. चाल दुसऱ्याची असल्यामुळे शब्दांवरचा लेखकाचा हक्क नाहीसा होत नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी ते माझं हाय म्हन की." तीस वर्षांत त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं. चाल उसनी म्हणून सगळंच उसनं, असं ते धरून चालले होते. गेल्या गणपतीत हिंगोलीच्या एका मंडळाच्या स्पीकरवर तेच मोदकाचं गाणं दुसऱ्याच पोराच्या आवाजात वाजत होतं. मामा गर्दीत उभे राहून ऐकत होते. पुढे जाऊन सांगावं असं त्यांना वाटलं नाही.

म्हणून मी हे काम हातात घेतलं. शनिवार-रविवारचं काम. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक डेक आणला, त्याचा पट्टा बदलला, हेड अल्कोहोलनं पुसलं. सदतीसपैकी एकतीस कॅसेटी चालल्या. तीन कॅसेटींना बुरशी, दोघींची टेप आतून तुटलेली, ती जोडली पण मध्ये काही सेकंद गेले. एकीवर कुणीतरी नंतर अंगणवाडीच्या प्रशिक्षणाचं भाषण भरलंय. त्याखालचं गाणं परत येत नाही. चुंबकीय टेपवर नवीन भरलं की जुनं जातं, विषय संपला.

मुख्य अडचण वेगाची. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं फिरावी असं ठरलंय. पण गावातला डेक, अधूनमधून पडणारं व्होल्टेज, कॉपीवरून कॉपी. गाणं हळू होतं आणि आवाज घोगरा. मग मूळ वेग कसा ओळखायचा? इथे कॅशिओ कामाला आला. ढोलकी कशीही लावतात, बेंजो कसाही, पण कॅशिओचा 'ए' हा स्वर ४४० हर्ट्झवर कारखान्यातूनच बांधलेला. रेकॉर्डिंगमध्ये तो ४१५ वर सापडला, तर टेप जवळपास सहा टक्के हळू चाललीय. तेवढा वेग वाढवायचा. असं केल्यावर मामांचा पस्तिशीतला आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. घरात सगळे मला म्हणत होते की मामांचा आवाज तेव्हा जाडाच होता. नव्हता. टेप हळू होती.

दुसरी अडचण मूळ चाली ओळखायची. मोबाइलवर गाणं ओळखणारी जी अॅप असतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही. ती चाल ओळखतच नाहीत. ती ओळखतात ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. आवाजाच्या आलेखात ठळक टोकं कुठे आहेत, आकाशातल्या ताऱ्यांसारखी, त्यांच्या जोड्यांचे ठसे घेतात आणि साठ्याशी ताडून बघतात. गायक बदलला, वाद्य बदललं, की सगळे तारे हलले. म्हणून मी दुसरी पद्धत घेतली. प्रत्येक क्षणी बारा सुरांपैकी कोणते सूर किती जोरात आहेत एवढंच काढायचं, सप्तक विसरायचं, पट्टी बदललेली असू शकते म्हणून बाराही पट्ट्यांत फिरवून बघायचं. मग १९८५ ते २००० मधल्या हिट गाण्यांशी तुलना. ३११ गाण्यांपैकी १८२ ची चाल अशी सापडली. उरलेल्यांपैकी बरीचशी आईनं आणि दोन मावश्यांनी स्वयंपाक करता करता ओळखली. त्यांना बारा पट्ट्या लागल्या नाहीत.

आणि शेवटी २३ गाणी अशी उरली ज्यांची चाल कुठेच सापडत नाही. मामांना विचारलं तर म्हणतात, "ती आमचीच असंल." नक्की आठवत नाही. मला वाटतं त्यातली निम्मी तरी खरंच त्यांची आहेत, आणि ऐकायला ती फिल्मी चालींपेक्षा साधी आहेत. एक तर ओवीसारखी, जात्यावरची.

मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड संग्राहकांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. बालगंधर्वांच्या, जुन्या गायिकांच्या ७८ च्या तबकड्या अशा मंडळींनी जपल्या म्हणून आज ऐकायला मिळतात. तिकडे एल्विसच्या नाताळ गाण्यांच्याही याद्या झाल्यात, संग्रह झालेत, सीडी निघाल्यात. ज्या रेकॉर्डी जानेवारीत कुणी घेणार नव्हतं, त्यांना आज गिऱ्हाईक आहे. त्या टिकल्या कारण त्या विनाइलवर होत्या आणि विनाइल पटकन मरत नाही. कॅसेट मरते. आपला हा सगळा बहर अशा वस्तूवर आला जिला तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य, आणि तेही माळा कोरडा असेल तर. आपल्याकडचे माळे किती कोरडे असतात ते सप्टेंबरात बघा.

म्हणून घरात अशी कॅसेट सापडली तर लगेच टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. आधी उजेडात धरून कडेला पांढरी बुरशी आहे का बघा. असेल तर वेगळी ठेवा, दुसऱ्या कॅसेटींना लागते. मधोमध, टेपच्या मागे, फेल्टचा बारीक तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज येणार नाही, पण टेप चांगली असते, फक्त खोळ बदलायची. पेन्सिल घालून हळूहळू एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळा. मागची दोन्ही प्लास्टिकची खिटी मोडून टाका, म्हणजे चुकून वरून रेकॉर्डिंग होणार नाही, अंगणवाडीचं भाषण लक्षात ठेवा. वाजवताना खरखरीत आणि दबलेलं ऐकू आलं तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू किंचित फिरवून बघायला जाणकाराला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यानं आवाज उघडतो. आणि गाणाऱ्यांपैकी, लिहिणाऱ्यांपैकी कुणी हयात असेल तर त्यांना सोबत बसवून ऐका आणि नावं लिहून घ्या. कव्हरवर ती नसतात.

घरच्या ऐकण्यासाठी, अभ्यासासाठी असं उतरवून घ्यायला कायद्याची अडचण नाही, खाजगी वापराची आणि संशोधनाची सवलत कलम ५२ मध्येच आहे. इंटरनेटवर टाकायचं असेल तर वरचा सगळा पाढा. त्यामुळे या भागात मी एकही फिल्मी चालीचं गाणं वाजवलेलं नाही. शेवटी वीस सेकंद जे ऐकू येतं ते त्या तेवीसांतलं, जात्यावरच्या चालीसारखं. गाणारे मामा, वय तेव्हा छत्तीस. वाजवायला त्यांनी होकार दिला, नाव सांगायला नको म्हणाले. मागे जो कट्-कट् आवाज येतोय तो टेपचा दोष नाही, बेंजोच्या बटणांचा आहे.

पुढच्या भागात आर्केस्ट्राचे अनाउन्सर. भेटू.